कवठमाळचा राजीनामा

कवठमाळला स्वराज्य मिळालं ते तहसीलदाराच्या हुकमानं. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. निजामाच्या राज्यात मागितलेलं काही मिळत नसे, त्यामुळं न मागता काही आलंय म्हटल्यावर गाव घाबरलं.

तालुक्याच्या कळंबहून महसुलाचा गिरदावर आला, चावडीसमोर हलगी वाजली आणि त्यानं सरकारचा कायदा मराठीत वाचून दाखवला. इथून पुढं गावानं आपला कारभार आपण पाहायचा. विहिरी, रस्ते, गायरान, सगळ्याचं पंचायत ठरवील. पंचायतीच्या मर्जीशिवाय गावची जमीन कुणाला दिली जाणार नाही.

"आन् पंच कोन नेमनार?" मागून कुणीतरी विचारलं.

"तहसीलदारसाहेब," गिरदावर म्हणाला.

लोकांना हायसं वाटलं. म्हणजे फारसं काही बदलणार नव्हतं.

पाच पंच नेमले गेले आणि सरपंच म्हणून नाव निघालं रेवणप्पाचं. रेवणप्पाचं किराण्याचं लहानसं दुकान होतं आणि गायरानाला लागून थोडं रान होतं. पन्नाशीला आलेला माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात कायम 'जी'. गिऱ्हाइकानं गूळ ओला आहे म्हटलं तरी जी, आणि त्याच गुळाला दुसऱ्यानं चांगला कोरडा म्हटलं तरी जी. भांडणाऱ्या दोन भावांनी त्याला साक्षीला बोलावलं, तर तो दोघांच्याही बाजूनं साक्ष देऊन आला होता. तहसीलदारसाहेब एकदा गावात मुक्कामाला होते तेव्हा त्यांनी हा गुण हेरून ठेवला होता.

दुसरा पंच हनमंतप्पा. हा पाटलाचा धाकटा भाऊ. सरकारी माणूस गावात आला की घोड्याचा लगाम धरायला सगळ्यांच्या पुढं. तिसरा हरिबा धनगर. हा फार बोलत नसे, कारण घरात त्याची बायको बानूबाई बोलत असे. उरलेले दोघं, एक सुतार आणि एक कोळी, पंचायतीला मयतीला आल्यासारखे येऊन बसत आणि उठायची वाट बघत.

गावाच्या वरच्या अंगाला महादेवाच्या टेकडीपासून ओढ्यापर्यंत गायरान पसरलं होतं. ते कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं होतं. गावातली गुरं तिथं चरत, धनगरांची मेंढरं तिथं बसत, ज्याच्या घरात दुसरं जळण नाही ती बाई तिथून शेण वेचून आणे. गवत कधी कापायचं, कुणी कुठून कापायचं, हे गाव देवळाच्या ओट्यावर बसून ठरवत असे. भांडणं होत, पण ओट्यावरच मिटत. कायदा येईपर्यंत आपण स्वतःचा कारभार करत होतो, हे गावाला माहीतच नव्हतं.

पंचायत नेमून काही महिने गेले आणि रेवणप्पाला कळंबच्या कचेरीतून बोलावणं आलं.

तहसीलदार राय हरीशरण हे हैदराबादचे गृहस्थ. वाईट माणूस नव्हता. कळंबच्या धुळीत त्यांचा जीव रमत नव्हता एवढंच. त्यांना हैदराबादला बदली हवी होती, आणि एका कप्तानाचा थोरला भाऊ तिथं मोठ्या हुद्द्यावर होता. कप्तान लढाईवरून परतला होता आणि त्याला घोड्यांच्या पैदाशीसाठी गवताची जमीन हवी होती. राय हरीशरणांनी नकाशा पाहिला आणि त्यांचं बोट कवठमाळवर थांबलं.

"आओ रेवणप्पा, बैठो."

रेवणप्पा उभाच राहिला. "जी."

"कप्तानसाहेब तुम्हारे गायरान में घोडे पालेंगे. गाँव का नाम होगा. अच्छी बात है ना?"

"जी."

"कायदे से पंचायत का राजीनामा चाहिए. मैं खुद गाँव आऊँगा. सबके सामने राजीनामा दे देना. बस, इतनाही."

"जी हुजूर," रेवणप्पा म्हणाला.

कचेरीच्या बोलीत राजीनामा म्हणजे आम्ही राजी आहोत असं कबूल करणं. रेवणप्पाला ते ठाऊक होतं. बाजारासाठी त्याचं कळंबला नेहमी जाणंयेणं होतं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाचं मन राखायला जी म्हटलं नाही, गाव देऊन आलो.

घरी त्याची बायको चन्नम्मा भाकरी थापत होती आणि बानूबाई मीठ न्यायला येऊन चुलीपाशी टेकली होती. दोघींनी त्याचं तोंड पाहिलं आणि विचारलं. रेवणप्पाला खोटं बोलता येत नसे, कारण खोटं बोलायलाही कधीतरी नाही म्हणावं लागतं. त्यानं सगळं सांगितलं.

"आन् तुमी काय म्हनलात?" चन्नम्मानं विचारलं.

"काय म्हननार? जी म्हनलो."

बानूबाई उठून उभी राहिली. "मंग आमची मेंढरं चारायची कुठं? तुमच्या दुकानात?"

"बानूबाई, तहसीलदार हायत ते. म्या काय बोलनार त्यांच्याम्होरं?"

"तुमी नगा बोलू. पर गावाला तरी इचारा. कायदा वाचला तवा गिरदावर काय म्हनला? गावानं ठरवायचं. मंग बशिवा गाव."

रेवणप्पा सवयीनं जी म्हणाला, आणि अशा रीतीनं कवठमाळ ग्रामपंचायतीची पहिली खरी सभा ठरली.

सभा देवळाच्या ओट्यावर भरली. पुरुष पुढं, बाया मागं पिंपळाखाली. हनमंतप्पानं सुरुवात केली. कप्तान तबेले बांधील, दगडमातीचं काम निघेल, मक्ता गावातल्याच माणसाला मिळेल, गावाचं कल्याण होईल. मक्ता कुणाला मिळेल हे त्यानं सांगितलं नाही, पण नव्या पटक्यावरून ते दिसत होतं.

मग लोक पेटले. गायरान गावाचं आहे, बापजाद्यांपासून आहे, इंचभर देणार नाही. सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता नागप्पा, रेवणप्पाचा चुलतभाऊ. त्यानं मांडीवर थाप मारून सांगितलं, "गायरानाला हात लावनाऱ्याचा हात ठिवनार न्हाय!"

"मंग तुझा कसा राहिला?" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. बानूबाई पिंपळाखालून पुढं आली होती. पुरुषांच्या बैठकीत बाईनं बोलायची रीत नव्हती, पण मेंढरामागं माळ तुडवणाऱ्या बाईला अडवायचं कुणी, हा प्रश्न होता. हरिबानं मान खाली घातली.

"तुझा बांध माझ्या लगनात खैराच्या झाडाच्या अल्याड व्हता," ती नागप्पाला म्हणाली. "आता खैर तुझ्या रानात हाय. खैर चालत आला का?"

कुणीतरी हसलं, आणि हसणाऱ्याकडं ती वळली. "हसू नगंस. तुझ्या बापानं वढ्याकडची चिंचोळी पट्टी खाल्ली, तू त्याच्या म्होरली. सुतारदादा, तुमचं खळं कुनाच्या जमिनीवर हाय? दर साल नांगराचं येक तास गायरानात. येक तास कुनाला दिसतंय? कप्तान निदान घोड्यावर बसून, सांगून येतोय."

रेवणप्पा ओट्याच्या कडेला बसला होता. आपलं नाव येऊ नये म्हणून तो मनात महादेवाला आळवत होता.

"आन् सरपंच, तुमचा बांध बी," बानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं ते जास्त लागलं.

रेवणप्पानं वर पाहिलं. "जी," तो म्हणाला.

हा जी मात्र नेहमीचा नव्हता. ओट्यावरच्या प्रत्येकाला ते जाणवलं, आणि सभा काही न ठरवता उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणप्पानं दुकान उघडलं नाही. पहार खांद्यावर टाकून तो रानात गेला. त्याच्या बापानं बांध थोडा सरकवला होता, त्यानं स्वतः थोडा सरकवला होता. हे इतकं हळू झालं होतं, की ती चोरी आहे असं कधी वाटलंच नव्हतं. जुन्या बांधाची खूण त्याला बरोबर माहीत होती. माणूस जे विसरल्याचं सांगतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यानं पहिला दगड उचकटला आणि छातीशी धरून मागं नेऊन ठेवला.

दगड उचलायची त्याला सवय नव्हती. दोन-चार खेपांतच कंबर धरली. शेजारच्या रानातून नागप्पा पाहत होता.

"याड लागलं का काय रेवण्या? तहसीलदार सगळं गायरान घेऊन चाललाय, आन् तू एवढुशी चिंधी परत करतुयास!"

"व्हय," रेवणप्पा म्हणाला आणि दुसरा दगड उचलला.

थोड्या वेळानं हरिबा आला. तो काही बोलला नाही, पहार हातात घेतली आणि कामाला लागला. मग कोळी आला. मग सुतार आपल्या खळ्याची मेढ उपटताना दिसला. दुपारपर्यंत गायरानाच्या चारी अंगांनी दगड हलत होते. बाया भाकरी घेऊन आल्या, त्याही पाट्यांनी गोटे वाहू लागल्या. काहीजण मनापासून करत होते, काहीजण शेजाऱ्यानं केलं म्हणून करत होते. नागप्पानं दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. इतर कुणी थांबत नाही असं दिसल्यावर त्यानं शिव्या देत आपला बांध खैराच्या अलीकडं घेतला.

संध्याकाळी रेवणप्पा नव्या जागी आलेल्या बांधावर बसला. हात सोलवटले होते. रान कमी झालं होतं, तरी आतून मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाची त्याला भीती वाटली. कारण काल गायरान दिलं असतं तर गावाचं दिलं असतं. आज त्यात त्याचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं.

"आता तर देऊ नये असं वाटतंय," घरी येऊन तो चन्नम्माला म्हणाला. "पर साहेबाला तोंडावर न्हाय म्हनायचं कसं? जीभ वळत न्हाय माझी."

चन्नम्मा त्याच्या हाताला तेल लावत होती. ती माहेरची बार्शीची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. "साहेब काय मागतोय?"

"राजीनामा."

"मंग द्या की. माझ्या भावानं गिरनीत दिला तसा. मुकादमाशी पटलं न्हाय, राजीनामा फेकला, दुसऱ्या दिवशीपास्नं गेला न्हाय."

"अगं, त्यांच्या बोलीत तसं नसतंय. त्यांचा राजीनामा म्हंजे राजी व्हनं."

"त्यांच्या बोलीत असंल," चन्नम्मा म्हणाली. "कायदा आपल्याला मराठीत वाचून दावलाय न्हवं?"

रेवणप्पानं हात तसाच तेलकट ठेवून हरिबाचं घर गाठलं.

तहसीलदारसाहेब ठरल्याप्रमाणं आले. चावडीसमोर गालिचा टाकला होता. हनमंतप्पानं लगाम धरला. सगळा गाव जमलेला पाहून राय हरीशरण खूश झाले; आपल्या लोकप्रियतेविषयी त्यांना आधीपासूनच संशय नव्हता.

"हाँ रेवणप्पा. पंचायतने क्या तय किया?"

रेवणप्पा हात जोडून उभा राहिला. "हुजूरांनी राजीनामा मागितला, तर पंचायत राजीनामा देतीय जी. म्या देतो."

"शाबाश!"

"म्या बी देतो," हरिबा म्हणाला. पंचायत नेमल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. सुतार आणि कोळी यांनीही दिला. त्यांचे चेहरे पहिल्यांदाच खुलले होते.

हनमंतप्पा गारठला. तो मराठी माणूस होता आणि मूर्ख नव्हता. काय चाललंय ते त्याच्या लख्ख ध्यानात आलं. पंचायतच उठली तर संमती देणार कोण, आणि आपला मक्ता कुठला? तो पुढं झाला आणि ओरडला, "हुजूर, म्या राजीनामा देनार न्हाय!"

राय हरीशरणांचा चेहरा उतरला. "क्या? तुम? लगाम पकडते हो और राजीनामा नहीं देते?"

"न्हाय हुजूर, म्या राजी हाय, म्हनूनच राजीनामा देत न्हाय!"

"राजी हो तो राजीनामा क्यों नहीं देते?"

"हुजूर, हे लोक फसवायलेत. यांचा राजीनामा म्हंजे राजी न्हाय असा राजीनामा हाय. माझं राजी हाय, म्हनून माझा राजीनामा न्हाय!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. उन्हाचा त्रास होऊन माणूस बरळतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्यासोबतचा पेशकार, कचेरीतला कारकून, मराठी समजणारा होता. तो जरा पुढं सरकला, साहेबांचा चढलेला पारा पाहिला आणि पुन्हा मागं सरकला. नोकरी त्यालाही करायची होती.

"सुनो," साहेब कडाडले. "चार पंचोंने राजीनामा दिया. एक तू बागी निकला. अभी के अभी दे, नहीं तो कळंब ले जाऊँगा!"

हनमंतप्पानं भावाकडं, म्हणजे पाटलाकडं पाहिलं. पाटील आभाळाकडं बघत होता. "देतो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "म्या बी राजीनामा देतो, हुजूर."

"पूरी पंचायत का राजीनामा मंजूर!" साहेबांनी जाहीर केलं. "सबने सुना?"

"ऐकलं!" सगळा गाव ओरडला. इतक्या एकमुखानं गावानं सरकारला कधीच उत्तर दिलं नव्हतं.

काही दिवसांनी कप्तान घोडे आणि मोजणीदार घेऊन आला. जमीन ताब्यात घेताना पंचायतीनं शिवेवरून चालत हद्द दाखवायची, असा कायदा होता. कप्तानानं पंचांना बोलावणं धाडलं. रेवणप्पा आला आणि लांब उभा राहिला.

"पंचायत न्हाय जी," तो म्हणाला.

"कहाँ गई?"

"तहसीलदारसाहेबांनी मागितला, तवा राजीनामा दिला. त्यांनी मंजूर केला. समद्या गावाम्होरं."

कप्तानाची घोडी सांभाळणारा मोतद्दार परभणीकडचा होता. त्यानं मालकाला कानात मराठीतला अर्थ सांगितला. कप्तान असा मोठ्यानं हसला, की घोडी बिचकली. लढाईवर त्यानं बरेच गनिम पाहिले होते. जी जी करत मागं सरणारा हा पहिलाच. किराणा विकणाऱ्या माणसाशी भांडणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. त्याचा सगळा राग कळंबकडं वळला.

राय हरीशरणांनी दुसरी पंचायत नेमायची फार खटपट केली. ज्याला विचारावं तो म्हणे, मोठी मेहेरबानी, पण सुगी होऊ द्या. सुगीनंतर लग्नं निघाली, लग्नांनंतर पेरणी. शेवटी त्यांची बदली झाली. कप्तानाच्या भावानं ती मनापासून केली होती: हैदराबादला नव्हे, तेलंगणच्या पार टोकाला. जाताना वाटेत ते गावात थांबले आणि रेवणप्पाच्या दुकानापुढं उभे राहिले. "रेवणप्पा, सच बताओ," त्यांनी विचारलं. "तुम्हें मालूम था?"

रेवणप्पाला त्यांची दया आली. "जी," तो म्हणाला. साहेबांनी मान हलवली, आणि त्यानं बांधून दिलेला गूळ घेऊन ते गेले.

पंचायत नव्हती त्या काळात कवठमाळचा कारभार फार चांगला चालला. लोक ओट्यावर बसत, ठरवत, उठत. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. अनेक घरं गुराढोरांसकट बार्शीकडं जाऊन राहिली, आणि हिंदुस्थानची फौज आल्यावर परतली. मोकळ्या गावात गायरानावर गवत कमरेइतकं वाढलं होतं. कुणीही कुणाआधी कापलं नाही.

नंतर नवे साहेब आले. ते सोलापूरकडचे होते, मराठी बोलत, डोक्याला पांढरी टोपी घालत आणि खुर्ची असूनही सतरंजीवर बसत. गावाला भरून आलं. साहेबांनी सभा घेतली. निजामाच्या तहसीलदाराला तोंडावर राजीनामे देणारे पंच ते हेच, असं त्यांनी सांगितलं. पाचही जणांना हार घातले. सगळ्यांत मोठा हार हनमंतप्पाला पडला, कारण धमकी मिळूनही राजीनामा देणारा तो एकटाच होता. तो डोळे पुसत होता. आपण असंच केलं होतं, हे त्याला आता पटलं होतं.

सभा झाल्यावर रेवणप्पानं विचारलं, "साहेब, तेवढं गायरान गावाच्या नावानं करून द्या. म्हंजे पुन्ना कुनी कप्तान यायला नगं."

"ते मी पाहिलंय," साहेब प्रेमानं म्हणाले. "पंचायतीनं गायरानासंबंधी राजीनामा दिल्याचं दप्तरात आहे."

"व्हय जी."

"आमच्याकडं, मुंबई इलाख्यात, राजीनामा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडणं. तुम्ही जमीन सोडलीत. म्हणजे ती सरकारजमा झाली."

रेवणप्पानं हात जोडले. "न्हाय साहेब. त्यांचा राजीनामा येगळा व्हता, आमचा येगळा. आन् तुमचा तर तवा कुनाच्या डोक्यात बी न्हवता. आमी आमच्या बोलीत दिला."

"आप्पा, आता आपली सगळ्यांची बोली एकच आहे," साहेब हसून म्हणाले.

"मंग पंचायत पुन्ना नेमा. पंचायत मागंल जमीन."

"नेमणं वगैरे आता नाही. निवडणूक होईल. कायदा होऊ द्या, घाई कसली? सरकार तुमचंच, म्हणजे सरकारची जमीन तुमचीच."

"मंग आमची आमच्याकडंच का ऱ्हाऊ नये?"

साहेबांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, अशीच जागृती हवी. तोपर्यंत गायरानावर सरकारी राखणदार म्हणून त्यांनी हनमंतप्पाला नेमलं, त्याच्या त्यागाची कदर म्हणून. हनमंतप्पानं ताबडतोब साहेबांच्या जीपचं दार धरलं.

त्यानंतर जे झालं ते रेवणप्पाला सगळ्यांत जास्त लागलं. पेरणीआधी नागप्पानं औत जुंपलं आणि खैर ओलांडून सरळ गायरानात घातलं. एक तास नाही, चांगला पट्टाच. त्याच्यामागं आणखी दोघं. बानूबाई धावत दुकानात आली.

"तुमचा भाऊ बघा! आन् राखनदार बांधावर बसून तंबाखू मळतुया."

रेवणप्पा रानात गेला. नागप्पानं बैल थांबवले नाहीत.

"नागप्पा, ही गावाची जमीन हाय."

"व्हती. गावाची व्हती तवा म्या बांध मागं घेतला, तू बघितलंस. आता सरकारची हाय. सरकारचं खाल्लं तर कुनाच्या पोटात दुखतंय?"

इतकी वर्षं लोकांना कप्तानाची भीती होती. कप्तानाला जे जमलं नाही ते एका प्रेमळ माणसानं सतरंजीवर बसून करून टाकलं होतं. रेवणप्पानं बांधाकडं पाहिलं. हनमंतप्पानं तोंड फिरवलं.

मग रेवणप्पा पुढं झाला आणि त्यानं बैलांचा कासरा धरला.

"सोड," नागप्पा म्हणाला.

"न्हाय सोडत."

"तुला कोन इचारतंय? पंच हायस का तू?"

"न्हाय. पंच असतो तर वरून हुकूम येतुया का बघत बसलो असतो."

नागप्पानं चाबूक उगारला. पण बैलांवर उगारायचा की भावावर, हे त्याला ठरवता आलं नाही. बैल उभे राहिले. तोवर बानूबाईनं मेंढरं वळवून नांगरटीवर आणली होती, आणि ती औताच्या पुढंमागं पसरली. मेंढरांना काही सांगता येत नाही. मग नागप्पानं शिवी हासडली आणि औत सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा जुंपलं. रेवणप्पा पुन्हा गेला. या वेळी चन्नम्मा बरोबर होती, आणि हरिबा, आणि कोळी. सुतार आला नाही. नागप्पामागून आलेल्या दोघांतल्या एकानं औत काढून घेतलं, दुसऱ्यानं नांगरलेल्या पट्ट्यात तूर टाकली, ती मेंढरांनी खाल्ली, त्यावरून मारामारी झाली. ती मिटवायला लोक ओट्यावर जमले. पूर्वीइतके नव्हते, पण जमले. हनमंतप्पा लांब उभा होता. रेवणप्पानं त्याला हाक मारली. तो म्हणाला, आपण सरकारी माणूस, आपल्याला बसता येत नाही. पण गेलाही नाही, ऐकत उभा राहिला.

गायरान राहिलं. कडेनं थोडं गेलं, खैराच्या बाजूला जास्त गेलं. रेवणप्पा कळंबला जात राहिला, आणि प्रत्येक नव्या साहेबाला तेच विचारत राहिला. प्रत्येकानं त्याला बसायला खुर्ची दिली. त्याचं जी म्हणणं सुटलं नाही, तो फक्त ते म्हणून झाल्यावर उठून जात नसे.